डोळ्यात कुसळ गेलेली चिंगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतलं घर. अकरा वर्षांच्या मुलीच्या दोन गिनीपिग माद्या, चिंगी आणि चिकू. काल संध्याकाळपासून चिंगीने डावा डोळा मिटून घेतलाय. डोळ्याखालचे केस ओले आहेत, आणि जरा उघडला की बुबुळावर धुरकट ठिपका दिसतो. आठवड्यापूर्वी देवासकडच्या गावाहून आजोबांनी नव्या गव्हाचा भुसा पाठवला, तोच पिंजऱ्यात अंथरला होता. औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणून ठेवलेत, आत्याबाई गुलाबपाणी घालायला सांगतात, आणि लेक रडून रडून विचारतेय की चिंगी आंधळी होणार का. आई विचारतात: थेंब घालू का, दोन दिवस वाट पाहू का, की आजच डॉक्टरकडे नेऊ?

ताई, आजच न्या. आणि ते थेंब अजून घातले नसतील तर घालू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण या दोन गोष्टी आधी.

घाई का, ते सांगते. गिनीपिग पापण्या फार कमी मिटतो. तासभर समोर बसून पाहा, डोळे टक्क उघडे असतात. जन्मतात तेच डोळे उघडे ठेवून. सगळीकडून शिकार होणारा प्राणी हा, डोळे मिटून बसणं त्याला परवडत नाही. दुखणंही तो लपवतो, कारण कळपातला दुखणाईत आधी मारला जातो. असा प्राणी जेव्हा एक डोळा रात्रभर मिटून बसतो, तेव्हा तो डोळा खरोखर खूप दुखत असतो. त्यात याचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची काचेसारखी पारदर्शक चकती, फार पातळ. आपला साधारण अर्धा मिलिमीटर, याचा पाव मिलिमीटरच्या आसपास. कुसळाचा ओरखडा आपल्याला वरवरचा असेल, त्याला तोच खोल जातो.

तुम्ही सांगितलेली हकिगत ऐकून माझा पहिला संशय भुशावर आहे. आपल्या माळव्यातल्या गव्हाच्या ओंबीला लांब कुसळं असतात. मळणीयंत्रातून निघालेल्या भुशात त्यांचे बारीक तुकडे राहतात. एक कुसळ बोटांत धरून टोकाकडून बुडाकडे उलटं ओढून पाहा, करवतीसारखं खरखरतं. त्याच्या दातऱ्या एका बाजूला वळलेल्या असतात, त्यामुळे ते पापणीखाली शिरलं की पुढेच सरकतं, आपलं आपण मागे येत नाही. आणि गिनीपिगची सवय म्हणजे गवतात, भुशात तोंड खुपसून बोगदा करायचा. डोके आधी, डोळे उघडेच. मार्च-एप्रिलमध्ये नवा भुसा घरोघरी येतो तेव्हा, आणि पावसाळ्यानंतर माळावरचं कुसळी गवत पिकतं तेव्हा, असे डोळे माझ्या दवाखान्यात हमखास येतात.

डॉक्टरकडे निघेपर्यंत घरी करण्यासारखं एकच काम आहे, डोळा धुणं. औषधाच्या दुकानात सलाईनची छोटी बाटली मिळते, तिच्यावर 0.9 टक्के सोडियम क्लोराईड असं लिहिलेलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी नको, त्यात जंतुनाशक असतं. बाटली पाच मिनिटं मुठीत धरा, म्हणजे पाणी गार लागणार नाही. चिंगीला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, तोंड तुमच्यापासून दुसरीकडे. सुई काढलेल्या सिरिंजने डोळ्याच्या वरच्या कडेवरून पाणी सावकाश वाहू द्या. पाच मिली पुरे. धार सरळ बुबुळावर मारू नका. पापण्या चिकटल्या असतील तर सलाईनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा मिनिटभर ठेवा, चिपडं मऊ होऊन सुटतील. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात आणि आधीच सोललेल्या जागेवर घासतात.

धुताना काडी किंवा कुसळ नुसतं वर पडलेलं असेल तर पाण्याबरोबर वाहून येईल. रुतलेलं दिसलं तर हात लावू नका, चिमटा तर नाहीच. रुतलेली काडी कधी कधी स्वतःच भोक बुजवून बसलेली असते. ती ओढली की डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर येतं आणि डोळा बसतो. तशीच घेऊन जा.

गुलाबपाणी नको. मध, तूप, काजळ, हळदीचं पाणी, आईचं दूध, चहाची पिशवी, यांतलं काहीच नको. आत्याबाईंचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, माझ्या आजीनेही आमच्या डोळ्यांत गुलाबपाणीच घातलं होतं. पण उघड्या जखमेवर जंतुविरहित नसलेलं काहीही पडलं की त्यातून जंतू आत जातात.

आता दुकानातल्या थेंबांबद्दल, कारण डोळे जातात ते बहुतेक इथे. बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरात लिहिलेली औषधाची नावं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यांतलं एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. आपल्याकडे प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत सर्रास मिळतात, आणि लाल डोळा म्हटलं की दुकानदार तीच पुढे करतो. स्टेरॉइडने लाली उतरते, पहिल्या दिवशी बरंही वाटतं. पण कॉर्नियावर जखम असेल तर नवी त्वचा चढायची थांबते, जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि कॉर्निया विरघळवणाऱ्या द्रव्यांचा जोर वाढतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आणलेला गिनीपिग मला अजून आठवतो. चार दिवस असेच थेंब चालले होते. मी पापणी उचलली तेव्हा बुबुळावर भिजलेल्या साबुदाण्यासारखा मऊ, लिबलिबीत गोळा होता. तो कॉर्नियाच होता, विरघळत आलेला. तो डोळा काढावा लागला. घरच्यांनी चार दिवस न चुकता, घड्याळ लावून थेंब घातले होते. काळजीत कुठे कसूर नव्हती, औषध चुकीचं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी डाग, मग थेंब. डाग म्हणजे फ्लुरेसीनची चाचणी. कागदाची नारिंगी टोक असलेली पट्टी असते. तिच्यावर सलाईनचा थेंब सोडून तो डोळ्यात टाकायचा, जास्तीचा रंग धुवायचा, खोलीत अंधार करून निळ्या दिव्याखाली पाहायचं. कॉर्नियाची वरची कातडी शाबूत असेल तर रंग टिकत नाही. ती सोलली असेल तर खालचा थर रंग पितो आणि तेवढीच जागा हिरवीगार चमकते. एखादी रेघ चमकली तर ओरखडा, वाटोळा ठिपका चमकला तर व्रण, म्हणजे खोल गेलेली जखम. कड हिरवी आणि मधला भाग मात्र न रंगता काळा दिसला, तर जखम अगदी शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पोचलीय. तो पापुद्रा रंग घेत नाही. तसा डोळा कधीही फुटू शकतो. दोन-तीन मिनिटांची चाचणी आहे, दुखत नाही, आणि पुढचा सगळा उपचार तिच्यावर ठरतो.

इंदुरात बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून दोन प्रश्न विचारा: गिनीपिग किंवा ससे तपासता का, आणि फ्लुरेसीनच्या पट्ट्या आहेत का. दुसऱ्याचं उत्तर हो आलं तर मी निम्मी निश्चिंत होते. पट्ट्या नसतील तर माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वापरतात त्याच चालतात, मागवून घेता येतात. शहरात कुणी मिळालं नाही तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या आत आहे. 1955 पासून तिथे जनावरांवर उपचार होताहेत. मार्चमध्ये दुपारी बारानंतर ऊन तापतं, आणि गिनीपिगला 28 अंशांच्या वरची हवा सोसत नाही. म्हणून सकाळी, नाहीतर ऊन उतरल्यावर, पण आजच निघा. स्कूटरवर मांडीत घेऊन नको. झाकणाचा डबा, खाली टॉवेल, आणि चिकूलाही बरोबर घ्या. सोबतीण शेजारी असली की दुखणारा गिनीपिग निम्मा शांत राहतो. वाटेत खायला कोथिंबिरीच्या चार काड्या.

डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली ना, ते मात्र नीट बघा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नवीन असताना एका नराच्या डोळ्यात डाग उमटला, मी थेंब दिले आणि पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला, जखम तशीच, उलट लांबलेली. भूल देणारा थेंब घालून खालची पापणी उलटली तेव्हा आत भाताच्या तुसाएवढं कुसळ आडवं बसलेलं होतं. डोळा हलला की ते रोज नवा ओरखडा काढत होतं. पहिल्याच दिवशी मी पापणी उलटली असती तर त्याचे तीन दिवसांचे हाल वाचले असते. तेव्हापासून डाग दिसो न दिसो, दोन्ही पापण्यांखाली भिजवलेला बारीक बोळा फिरवल्याशिवाय मी गिनीपिगला टेबलावरून उतरवत नाही. जाता जाता, तो भूल देणारा थेंब फक्त तपासणीसाठी असतो. दुखणं थांबतं म्हणून घरी मागू नका, त्याने जखम भरत नाही.

वरवरची जखम असेल तर उपचार साधा आहे. प्रतिजैविकाचे थेंब, बहुधा टोब्रामायसिन, ऑफ्लोक्सॅसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, दर चार-सहा तासांनी. इथे चिकाटी लागते, कारण अश्रूंबरोबर औषध वाहून जातं आणि एक वेळ चुकली की मधले आठ-दहा तास डोळा उघडा पडतो. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर ते थेंबांच्या नंतर. थेंब मागून, डोक्याच्या वरून घाला. समोरून हात आला की तिला घार आल्यासारखं वाटतं आणि ती मान आखडते. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. घातल्यावर मिनिटभर धरून ठेवा, नाहीतर ती पंजाने लगेच पुसून टाकते. दुखण्यावर डॉक्टर मेलोक्सिकॅम देतील, मात्रा वजनावर ठरते. बाळाचं उरलेलं दुखण्याचं औषध अंदाजाने देऊ नका.

कॉर्नियाच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मधल्या उघड्या जागेवर येतात आणि ती झाकतात. लहान जखम अशी तीन ते सात दिवसांत भरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा डाग करून पाहायलाच हवा. डोळा उघडला म्हणून थेंब बंद करणारे खूप असतात. डोळा उघडतो दुखणं कमी झालं म्हणून, जखम भरली म्हणून नव्हे. डाग उमटायचा थांबला की मग थांबा. नंतर पांढरट फूल राहिलं तरी घाबरू नका, महिना-दोन महिन्यांत बरंचसं विरतं. थोडं राहिलं तरी त्याचा तिला त्रास नसतो.

पोटात घ्यायच्या प्रतिजैविकाची एक गोष्ट मी प्रत्येक गिनीपिगवाल्या घराला दोनदा सांगते. अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, यांतलं काहीही गिनीपिगच्या तोंडात जाता कामा नये. त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जुलाब लागून काही दिवसांत प्राणी जातो. मुलांचं गुलाबी सिरप फ्रिजमध्ये असतं, डोळा सुजलेला दिसतो, आणि चांगल्या मनाने कुणीतरी दोन थेंब देतं. गिनीपिगांचा अनुभव नसलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरी ही नावं तपासा आणि विचारा. विचारल्याचा राग कुणी मानत नाही.

आणि ताई, डोळ्याइतकंच लक्ष तिच्या पोटावर ठेवा. डोळ्याने गिनीपिग सहसा मरत नाही, डोळा दुखतो म्हणून खाणं सोडल्याने मरतो. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, बारा तास रिकामं राहिलं की थंडावायला लागतं. आजपासून रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून तिचं वजन करा आणि लेकीला वहीत लिहायला सांगा. पन्नास ग्रॅम कमी झालं तर डॉक्टरांना फोन. लेंड्या लहान, कोरड्या, थेंबाच्या आकाराच्या झाल्या तरी फोन. खात नसेल तर तिच्या रोजच्या दाण्यांचा कोमट पाण्यात पातळ लगदा करा आणि सिरिंजने तोंडाच्या कडेकडून थोडा थोडा, एका वेळी अर्धा-एक मिली, चघळून गिळेपर्यंत थांबत द्या. उताणी करून मुळीच नको.

क जीवनसत्त्व माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही, आणि त्याशिवाय जखम भरत नाही. रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजारपणात 50 पर्यंत. लाल किंवा हिरव्या शिमला मिरचीची फाक, कोथिंबीर, पेरूचा लहानसा तुकडा, आवळ्याचा कीस आवडला तर चिमूटभर. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवू नका, ती लवकर निकामी होते आणि चव बदलली म्हणून पाणीच पीत नाहीत.

प्रत्येक ओला डोळा म्हणजे जखम नव्हे, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही रोज धसका घ्याल. गिनीपिगच्या डोळ्यातून दिवसातून एक-दोनदा दुधासारखा पांढरा द्रव येतो. तो दोन्ही पंजांवर घेऊन ती तोंड धुते, अगदी आपण साबण लावतो तशी. क्षणभर डोळा पांढरा भरलेला दिसतो आणि लगेच स्वच्छ होतो. तो पू नव्हे. दोन्ही डोळे चिकटलेले आणि शिंकाही येत असतील तर तो श्वसनमार्गाचा संसर्ग, त्याचा उपचार वेगळा, आणि हात साबणाने धुवायचे, कारण त्यातले काही जंतू क्वचित माणसालाही लागतात. खालच्या पापणीतून मटारसारखा गुलाबी फुगवटा दिसणं ही बहुधा चरबी असते, त्याला काही करावं लागत नाही.

मात्र एकाच डोळ्यातून पाणी, बरोबर लाळ, आणि घास तोंडातून पडणं असं दिसलं तर दात पाहायला सांगा. गिनीपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी खाली असतात. मूळ वर वाढलं किंवा तिथे पू साठला की डोळा पुढे ढकलला जातो, मग नीट मिटत नाही, कोरडा पडतो आणि त्यावर व्रण होतो. तिथे थेंब कितीही घाला, दात तसाच राहिला तर व्रण परत येतो. कवटीचा एक्स-रे काढल्याशिवाय हे कळत नाही.

आता तिचं घर. भुसा आजच काढा, सगळा, कोपरेसुद्धा झाडून. आजोबांना वाईट वाटू देऊ नका, गायीला तो उत्तम आहे. पिंजऱ्यात जुन्या टॉवेलांवर फ्लीसचं कापड अंथरा, दर दोन-तीन दिवसांनी धुवा. सुताराकडचा लाकडाचा भुसाही नको, त्याची धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. खायचं गवत अंगणात झटका, जाड टोकदार काड्या आणि ओंब्या हाताने वेचून काढा, मऊ लांब पाती ठेवा. गवताची जाळी डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली असेल तर काढून उथळ टोपलीत गवत पसरा. ताजी दूर्वा तर सर्वांत चांगली, मऊ, धूळ नाही, दोघींना आवडेलही. फक्त रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली नको. रंगपंचमी तोंडावर असेल तर गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी पिंजरा आतल्या खोलीत ठेवा, खिडकी बंद करून, आणि बाहेरून आलेल्या मुलांनी आंघोळ केल्याशिवाय त्यांना उचलू नये. गेर जिथून जाते त्या राजवाड्यापासून लांबच्या घरातल्या पिंजऱ्यातही मी गुलाल पाहिलाय, मुलांच्या केसांतून आलेला. गुलाल गेलाच तर चोळायचं नाही, सलाईनने भरपूर धुवायचं आणि डाग तपासून घ्यायचा.

दोघींमध्ये भांडण झालं का, तेही आठवून बघा. माद्या सहसा डोळ्यावर जात नाहीत, पण लपायला एकच डबा आणि त्याला एकच दार असेल तर धक्काबुक्कीत नख लागतं. दोन दारांचे दोन डबे ठेवा. भांडण नसेल तर दोघींना वेगळं करू नका. आणि गळ्यात तो प्लास्टिकचा शंकू घालायला कुणी सांगितलं तर शक्यतो टाळा. गिनीपिग आपल्या काही लेंड्या परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, आणि शंकूमुळे तिथे तोंड पोचत नाही.

वाटेत किंवा रात्रीतून डोळा बाहेर आलेला दिसला, रक्त आलं, किंवा धुरकट ठिपक्याच्या जागी फुगीर, ओला बुडबुडा दिसला, तर सलाईनमध्ये भिजवलेला गॉज डोळ्यावर ठेवून तो ओला राखा आणि सकाळची वाट न पाहता निघा.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच वाचून दाखवा. बेटा, बहुतेक चिंगीचा डोळा वाचेल, कारण तुम्ही दुसऱ्याच दिवशी विचारलंत. आणि समजा नाहीच वाचला, तरी चिंगी चिंगीच राहील. गिनीपिग वासाने, कानाने आणि मिशांनी जग ओळखतो. माझ्याकडे एका डोळ्याचा एक बोका नावाचा गिनीपिग तीन वर्षं येत होता. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की सगळ्यांत आधी तोच शीळ घालायचा. त्याच्या घरच्यांनी एवढंच केलं होतं की ज्या बाजूचा डोळा नाही त्या बाजूने जाताना आधी त्याला हाक मारायची.

ताई, नेताना त्या भुशातला मूठभर पिशवीत घालून बरोबर घ्या. डॉक्टरांना कुसळ कसलं आणि केवढं ते दाखवा, म्हणजे पापणीखाली काय शोधायचं ते त्यांना कळेल.